घाटातली छोटी गाडी : क्लच हवा की नको?

या पानावर नागली-वरईची रोपवाटिका, भातावरचा करपा किंवा काजूचा मोहोर यांविषयी वाचायची तुम्हाला सवय. आज मी चारचाकी गाडीविषयी लिहितो आहे. ‘कृषीवाल्याला गाडीतलं काय कळतं?’ असं कुणी म्हटलं तर त्यात गैर नाही. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, मोटार मेकॅनिक नव्हे. पण गेल्या काही महिन्यांत बांधावर मला जितक्यांनी खताचं विचारलं, जवळजवळ तितक्यांनीच गाडीचं विचारलं आहे.

त्याला कारणही आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, मोगऱ्याचे चार पैसे गाठीला बांधलेला शेतकरी, सगळेच हिशेब मांडू लागले. जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही. एसटी आणि काळी-पिवळी जीप यांच्या वेळा सांभाळून आयुष्य काढलेल्या माणसाला दारात स्वतःची गाडी हवीशी वाटली तर तो चैनीचा प्रश्न नव्हे. मग बांधावर उभं राहून प्रश्न येतो : ‘साहेब, क्लचवाली घेऊ का बिनक्लचची?’

चहाच्या टपरीवर याचं उत्तर तयारच असतं. ‘आपल्या घाटात ऑटोमॅटिक चालत नाही. ती शहरातली गाडी, नाहीतर बायकांची.’ चार वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच उत्तर ठासून देत होतो. आज देत नाही. का देत नाही, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एका रात्रीची गोष्ट

आमची सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या शाळेमुळे तेव्हा आम्ही खोडाळ्याच्या बाजूला एका गावात राहत होतो. दारात जुनी, हातफेर झालेली क्लचवाली गाडी होती. सौ.ने ड्रायव्हिंग शाळेत रीतसर शिकून परवाना काढला होता. ‘आता घरात दोन ड्रायव्हर’ असं मी चारचौघांत मिरवतही असे.

2022 च्या पावसाळ्यात मी प्रशिक्षणासाठी दापोलीला गेलो होतो. रात्री एकच्या सुमारास आमच्या पाच वर्षांच्या मुलाला धाप लागली. बाहेर पाऊस कोसळत होता. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. सौ.ने मुलाला मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी सुरू केली. आमच्या दारापासून मुख्य रस्त्याला लागायला साठ-सत्तर फुटांचा उभा चढ होता. त्या चढावर गाडी तीनदा बंद पडली. चौथ्या वेळी ब्रेकवरचा पाय सुटला, क्लच वेळेवर उचलला गेला नाही आणि गाडी मागे घरंगळत जाऊन जोत्याच्या दगडाला टेकली. दगड नसता तर पुढचं लिहायला नको. तिने गाडी तिथंच सोडली, मुलाला इरल्याखाली घेऊन ती चालत वरच्या आळीत गेली आणि एका जीपवाल्याला उठवलं. त्या भल्या माणसाने मोखाड्याला पोहोचवलं. वाफ दिली, मूल सावरलं. पण जी वाट पाऊण तासाची, तिला दोन तास लागले.

दुसऱ्या दिवशी मी धावत-पळत आलो आणि पहिलं वाक्य काय बोललो? ‘अगं, एवढा हाफ क्लच जमत नाही तुला?’

तिने शांतपणे विचारलं, ‘अहो, तुम्ही मला गाडी दिलीत ती रविवारी, सपाट रस्त्यावर. चढावर माझ्या शेजारी एकदा तरी बसलात का?’

मला उत्तर देता आलं नाही. शेतकऱ्याला बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक पाच-पाच वेळा करून दाखवणारा मी, घरात मात्र उंटावरून शेळ्या हाकत होतो.

पुढचे चार रविवार मी त्या चढावर तिच्या शेजारी बसलो. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, थोडी रेस द्यायची, क्लच हळूहळू सोडत जायचा, गाडीचं तोंड किंचित उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक खाली. चार रविवारांत तिला ते उत्तम जमलं. म्हणजे अर्धा दोष शिकवणीचाच होता. ड्रायव्हिंग शाळेतली गाडी सपाटीवर चालते, परीक्षाही सपाटीवरच होते आणि आपलं आयुष्य मात्र चढावर!

पुढच्या वर्षी गाडी बदलायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, ‘आता तुला क्लच जमतोय, क्लचवालीच घेऊ. पन्नासेक हजार वाचतील.’ ती म्हणाली, ‘जमतं हो. पण रात्री एक वाजता, मागे पोर कण्हत असताना जमलं पाहिजे. तेव्हा माझं लक्ष गाडीच्या पायात असेल की पोराच्या श्वासात?’

आम्ही बिनक्लचची घेतली. तिचे तीन पावसाळे पाहून झालेत. तिचे गुण-दोष आता सांगतो.

आत असतं तरी काय?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे एकच प्रकार नव्हे. काही गाड्यांत इंजिनची ताकद तेलाच्या माध्यमातून पुढे जाते. काहींत ठरावीक गिअरच नसतात. पिठाच्या गिरणीत दोन पुल्या आणि एक पट्टा असतो तशी त्यात योजना असते आणि पुल्यांचा घेर कमी-जास्त होत राहतो. पण आपल्या ऐपतीच्या छोट्या गाड्यांत बहुधा तिसराच प्रकार असतो, त्याला एएमटी म्हणतात. भारतात हा प्रकार 2014 साली मारुतीच्या सेलेरिओने आणला. त्याआधी ऑटोमॅटिक म्हटलं की बहुतेक महागडी गाडी, असंच चित्र होतं.

एएमटीची गंमत अशी की आतला गिअरबॉक्स क्लचवाल्या गाडीचाच असतो. क्लचप्लेटही असतेच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या पाय-हाताऐवजी एक छोटी यंत्रणा करते. आपला पॉवर टिलर आठवा. त्याचा क्लच तुमच्या मुठीत असतो. उद्या ती मूठ दाबायला कुणी गडी ठेवला, तर टिलर बदलला असं आपण म्हणणार नाही. गडी मात्र हुशार हवा आणि तो आजारी पडला तर काम थांबणार, हेही आलंच. एएमटीचं सगळं भलं-बुरं त्यात आलं. गिअरबॉक्स तोच असल्यामुळे मायलेजमध्येही फार फरक पडत नाही.

चढ, उतार आणि चिखल

चढावर सुटताना एएमटीचा फायदा खरा आहे. गाडी बंद पडत नाही. काही मॉडेलांत ब्रेक सोडल्यावरही गाडी दोनेक सेकंद जागेवर धरून ठेवणारी सोय असते. त्या दोन सेकंदांत पाय ब्रेकवरून रेसवर नेता येतो. ही सोय सगळ्याच गाड्यांत नसते, म्हणून घेताना आवर्जून विचारा. नसेल तर हँडब्रेकची सवय इथंही ठेवा. मात्र चढावर थांबलेलं असताना नुसत्या रेसवर गाडी तोलून धरू नका. आत क्लचप्लेट घासत असते, ती तापते आणि जळका वास येतो. क्लचवाल्या गाडीत हाफ क्लचवर उभं राहणाऱ्यांचं जे होतं तेच इथंही होतं. दोन्हीकडे उपाय एकच, हँडब्रेक.

घाट चढताना एएमटी गिअर बदलते तेव्हा क्षणभर दम घेते. मोखाड्याहून त्र्यंबककडे जाताना तोरंगणच्या घाटात पुढे लोड भरलेला ट्रक असेल आणि तुम्ही त्याला मागे टाकायला निघाला असाल, तर तो एक क्षण अंगावर येतो. क्लचवाली तिथं उजवी ठरते, कारण गिअर कधी टाकायचा ते तुम्ही आधीच ठरवलेलं असतं. यावर उतारा आहे. बहुतेक एएमटीत दांडा बाजूला सरकवून गिअर स्वतः वर-खाली करता येतो. घाट लागला की दांडा तिकडे घ्यावा आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर निवांत चढावं. ज्यांनी ‘ऑटोमॅटिक घाटात मरते’ असं मला सांगितलं, त्यातल्या अनेकांनी तो दांडा कधी सरकवलेलाच नव्हता.

उताराचं प्रकरण अधिक गंभीर आहे. आपल्याकडे पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरायची खोड आहे. काही महाभाग तर इंजिनही बंद करतात! ही खोड पोटापासून सोडा. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय काढून उतार उतरलात की इंजिनला जाणारं पेट्रोल यंत्रणाच तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे बचत नाहीच, उलट सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पकड सुटते. इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा पाय दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरावं, हा जुन्या जीपवाल्यांचा नियम आजही खरा आहे. एएमटी मात्र उतारावर आपल्या मनाने वरचा गिअर टाकते आणि गाडी मोकाट धावते. म्हणून उतारावरही दांडा हाताच्या बाजूला घेऊन खालचा गिअर धरावा.

चिखलात मात्र क्लचवालीच श्रेष्ठ. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि डांबर संपून पाड्याकडे उतरणारी वाट लाल चिखलाची असते. रुतलेलं चाक पुढे-मागे हिंदकळत काढायचं तर क्लचवर आपला ताबा हवा. गड्याच्या मुठीला ती नजाकत जमत नाही. ज्याला रोज अशी वाट आहे, त्याने याचा विचार आधी करावा.

बिघडली तर?

टपरीवर घाटाच्या गप्पा होतात, पण माझ्या मते आपल्या दोन तालुक्यांत खरा प्रश्न दुरुस्तीचा आहे.

आमच्या जुन्या गाडीची क्लचची तार एकदा भर रस्त्यात तुटली. गावातल्या मेकॅनिकने तासाभरात तिथंच तार बदलून दिली. नव्या गाडीने दुसऱ्या पावसाळ्यात कसारा-खोडाळा रस्त्यावर काटा दाखवला. गाडी न्यूट्रलमध्ये अडकली आणि समोर दिवा पेटला. तोच मेकॅनिक आला, त्याने बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, ‘भाऊसाहेब, यात आता पान्याचं काम नाही, कॉम्प्युटरचं आहे.’ गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून नाशिकला न्यावी लागली. चार दिवस गेले आणि बिल पाहून आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. हेही लिहायलाच हवं, नाहीतर मी दुकानदाराची जाहिरात केल्यासारखं होईल.

दुसरी गोष्ट बॅटरीची. क्लचवाल्या गाडीची बॅटरी उतरली तर चार जणांनी धक्का मारून, नाहीतर उताराचा फायदा घेऊन ती सुरू होते. बिनक्लचची धक्क्याने सुरू होत नाही. म्हणून बॅटरीवर लक्ष ठेवावं, दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायच्या जाड वायरी डिकीत टाकाव्यात. शिवाय एएमटीत उभं करण्यासाठी वेगळा ‘पी’ बहुधा नसतो. उतारावर उभी करताना गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, चाकाखाली दगड लावावा. दगडाला आपल्याकडे कुठं तोटा आहे!

जुनी एएमटी घेणाऱ्यांना एक सांगतो. नाशिक-वसईकडून हातफेर गाड्या येतात, चकचकीत पुसलेल्या असतात. सपाट रस्त्यावर चालवून व्यवहार करू नका. उभ्या चढावर थांबवा, पुन्हा सोडा, मागे घ्या. हिसके बसत असतील, जळका वास येत असेल किंवा समोर दिवा पेटत असेल तर नमस्कार करून परत या. सर्व्हिसचे कागद पाहिल्याशिवाय तर विसारही देऊ नका.

विजेच्या गाडीत क्लचही नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत, हे खरं. पण आडगावी राहणाऱ्याने आपल्या घरची वीज पावसाळ्यात किती वेळ जाते, याचा हिशेब आधी करावा.

मग घ्यावी कोणती?

आपण जमीन पाहून वाण निवडतो. उताराच्या वरकस जमिनीत नागली-वरई, उथळ खाचरात हळवा भात, पाणी धरणाऱ्या खोल खाचरात गरवा. शेजाऱ्याने गरवा लावला म्हणून आपण माळावर गरवा लावत नाही. गाडीचंही तसंच आहे. पण इथं जमीन म्हणजे नुसता रस्ता नव्हे. गाडी कुणाच्या पायाखाली चालणार, हा पहिला प्रश्न. वाट कशी आहे, हा दुसरा. बिघडल्यावर कुठं न्यायची, हा तिसरा. किंमत त्यानंतर.

घरात चालवणारा एकच आहे, हात सरावलेला आहे, रोजची वाट पाड्यापर्यंत चिखलाची आहे आणि गाठीला पैसे बेताचे आहेत, तर डोळे मिटून क्लचवाली घ्या. वाचलेल्या पैशांत टायर चांगले घाला. पण घरात चालवू शकणारी दुसरी व्यक्ती आहे, ती बाई असो, गुडघा दुखणारे आजोबा असोत किंवा उशिरा शिकलेले गुरुजी असोत, आणि क्लचच्या भीतीने ती गाडीला हात लावत नसेल, तर बिनक्लचचीचा विचार करा. जी गाडी घरातला एकच माणूस चालवू शकतो, ती तो नसेल त्या दिवशी नुसतं पत्र्याचं खोकं असते. आणि अडचण काही घरधन्याची रजा पाहून येत नाही.

बिनक्लचची घेतलीत तर पहिले आठ दिवस एक पथ्य पाळा. डावा पाय बाजूला ठेवा, त्याला काम देऊ नका. ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्याच पायाने. क्लचची सवय असलेला डावा पाय नकळत ब्रेकवर आपटतो आणि माणूस काचेवर आदळतो. उलट घाबरून ब्रेकऐवजी रेस दाबली तर त्याहून वाईट. म्हणून आधी मोकळ्या मैदानात सराव करावा.

एक गोष्ट मात्र तरुण पोरांना निक्षून सांगतो. शिकायचं ते क्लचवालीवरच. क्लचवाली येणाऱ्याला बिनक्लचची दहा मिनिटांत कळते, उलटं होत नाही. आपल्याकडची पोरं पावसाळा संपला की कामासाठी बाहेर पडतात. त्यातल्या एखाद्याला ड्रायव्हरची नोकरी मिळाली तर ती पिकअपवर किंवा जीपवर मिळेल आणि तिथं बहुधा क्लचच असेल. मोगरा घेऊन पहाटे निघणाऱ्या पिकअपचा मालक तुमचा बिनक्लचचा सराव विचारणार नाही.

आणि शेवटी ‘बायकांची गाडी’ या शब्दाबद्दल. आमच्याकडे बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढते, गुडघाभर चिखलात दिवसभर भात लावते. तिला गाडी झेपत नाही असं म्हणताना आपली जीभ जरा अडखळायला हवी. तिला चढावर नेऊन शेजारी बसून शिकवलं कुणी, ते आधी विचारा. क्लचवाली घ्या वा बिनक्लचची घ्या, पण गाडी घरी आली की पहिल्याच रविवारी घरातल्या दुसऱ्या माणसाला चाकावर बसवा आणि दारातल्या चढापासूनच सुरुवात करा. तो चढ मी चार रविवार उशिरा दाखवला. त्या रात्री जोत्याला दगड होता म्हणून निभावलं.